ॲव्हरेज विचारायचे आपण का विसरलो?

गेल्या मे महिन्यात फोंड्याकडच्या एका देवळात नात्यातली मुंज होती. पंगत उठली आणि अग्रशाळेच्या बाहेर पुरुषमंडळी माझ्या मावसभावाच्या नव्या गाडीभोवती जमली. विजेवर चालणारी, जर्मन बनावटीची, दीड कोटीच्या घरातली गाडी. "घरी चार्ज केली की किलोमीटरला सव्वा रुपया पडतो. तुमच्या छोट्या पेट्रोल गाडीला साडेपाच लागतात," भाऊ सांगत होता. त्यावर एका काकांनी लगेच विचारले, "आणि वीज येते कुठून? कोळशातूनच ना? धूर इथं निघत नाही, तिकडे छत्तीसगडात कोरब्याला निघतो, एवढंच." अर्धा तास हाच सामना चालला. एकाने पैसे मोजले, दुसऱ्याने धूर मोजला. गाडी एका युनिटला किती किलोमीटर जाते, हे त्या घोळक्यात कोणीही विचारले नाही. गाडीच्या मालकालाही ते माहीत नव्हते.

अग्रशाळेबाहेरचा हा वाद सरकारदरबारीही याच वळणाने चालला आहे. कर्नाटकाने २०२४ मध्ये २५ लाखांहून महाग विजेच्या गाड्यांवर १० टक्के आजीवन कर बसवला. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के कर सुचवला गेला आणि महिना संपायच्या आत तो मागेही घेतला गेला. एका बाजूचे म्हणणे, श्रीमंतांना कसली माफी? दुसऱ्या बाजूचे म्हणणे, पर्यावरणाला हातभार लावणाऱ्याला दंड कसला? दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोघांच्याही हातातले माप चुकीचे आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. आलिशान विजेची गाडी ही आलिशान पेट्रोल गाडीपेक्षा चांगली आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ती स्वस्तात चालते म्हणून ती काटकसरी ठरत नाही. आणि केवळ विजेवर चालते म्हणून तिला स्कूटरच्या आणि बसच्या पंगतीला बसवून सार्वजनिक पैशातून सवलत वाढणे हा अन्याय आहे. सवलत द्यायचीच असेल तर गाडी युनिटला किती किलोमीटर जाते, ते पाहून द्यावी.

मराठी घरात गाडी आली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ॲव्हरेज किती देते? लुना असो, फियाट असो की मारुती, या प्रश्नातून कोणी सुटत नसे. विजेच्या गाड्या आल्या आणि त्या प्रश्नाची जागा दुसऱ्याने घेतली. आता विचारतात, रेंज किती? हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण सगळा घोळ तिथेच आहे. ॲव्हरेज हा गाडीचा गुण आहे. रेंज हे टाकीचे माप आहे. टाकी मोठी बसवली की उधळी गाडीसुद्धा लांब जाते. पेट्रोलच्या काळात कोणी "माझ्या गाडीची टाकी ऐंशी लिटरची आहे" म्हणून मिरवले नसते. विजेच्या गाडीत आपण नेमके तेच मिरवतो आहोत.

मर्सिडीझ-बेंझची ईक्यूएस ५८० ही गाडी २०२२ पासून पुण्याजवळ चाकणला जुळवली जाऊ लागली. तिची बॅटरी १०७.८ युनिटची, प्रमाणित रेंज ८५७ किलोमीटरची. रस्त्यावर ही रेंज बरीच कमी भरते, पण तो मुद्दा बाजूला ठेवू. प्रश्न असा की ८५७ किलोमीटर जायचे कुठे? आपला गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर. पणजीहून मडगाव पस्तीस किलोमीटरच्या आत. पर्वरीहून पणजीतल्या पाटोला कामाला जाणारा माणूस दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर फिरतो आणि त्यासाठी सहाशे-सातशे किलो वजनाची बॅटरी सोबत वागवतो. म्हणजे आठ-नऊ धडधाकट माणसे डिकीत बसवून रोज ऑफिसला नेण्यासारखेच आहे. त्या बॅटरीच्या मालात छोट्या विजेच्या गाडीच्या चार बॅटऱ्या होतात, तीन युनिटची बॅटरी असलेल्या स्कूटर पस्तीस होतात. लिथियम, निकेल, कोबाल्ट हे काही आपल्या परसात उगवत नाही. एका माणसाच्या पंचवीस किलोमीटरांसाठी पस्तीस माणसांचा माल अडकून पडावा, याला कार्यक्षमता म्हणायचे का?

विजेच्या गाडीच्या बाजूने जे खरे आहे ते पुरेपूर मान्य केले पाहिजे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातला पाव हिस्सा कसाबसा चाकापर्यंत पोचवते, उरलेला उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून निघून जातो. विजेची मोटर ऐंशी-नव्वद टक्के ऊर्जा कामी लावते. ब्रेक मारताना जी ऊर्जा वाया जायची तिच्यातला मोठा भाग बॅटरीत परत जातो. पर्वरीच्या कोंडीत अडकलेली पेट्रोल गाडी उभ्या उभ्या पेट्रोल जाळते. विजेच्या गाडीचा तिथला खर्च मुख्यतः एसीचा, तासाला एक-दीड युनिट. विजेच्या मोटरची ही सरशी अभियांत्रिकीतल्या मोठ्या विजयांपैकी एक आहे आणि तिला नाके मुरडणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही.

पण ही सरशी मोटरची आहे. तिच्या जोरावर किती लोखंड, किती काच आणि किती थाट ओढायचा, हा निर्णय गाडी बनवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असतो. अडीच टनांपुढची आलिशान विजेची गाडी चार्जिंगमधले नुकसान धरून शंभर किलोमीटरला २२ युनिटच्या आसपास घेते, म्हणजे युनिटला साडेचार किलोमीटर. छोटी विजेची गाडी युनिटला आठच्या आसपास जाते. विजेची स्कूटर तीसच्या पुढे. मोठी विजेची बस युनिटला कसाबसा एक किलोमीटर जाते, पण तिच्यात तीस माणसे असली तर माणशी तीस किलोमीटर पडतात. ही सगळी वाहने एकाच शब्दाखाली येतात, ईव्ही. आणि त्या एका शब्दाला आपण माफी देतो.

काहीजण म्हणतात, वजनाचे एवढे काय? चढावर खर्च झालेली वीज उतारावर परत मिळतेच. चोर्ला घाटाचे उदाहरण घेऊ. दोन हजार सहाशे किलोची गाडी सातशे मीटर वर न्यायला नुसत्या चढाईचे पाच युनिट लागतात, तेराशे किलोच्या गाडीला अडीच. उतरताना दोघींनाही दोन तृतीयांश परत मिळाले असे धरले तरी जड गाडीचे नुकसान दुप्पटच राहते. शिवाय टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणात जे जाते ते कुठल्याच उतारावर परत मिळत नाही आणि ते वजनाबरोबर वाढत जाते.

काकांचा कोळशाचा मुद्दाही धड तपासला जात नाही. गोव्याची स्वतःची वीजनिर्मिती नावापुरती. आपल्या वाट्याची बरीचशी वीज छत्तीसगडमधले कोरबा, मध्य प्रदेशातले विंध्याचल अशा कोळशाच्या केंद्रांतून येते. देशाची सरासरी धरली तर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो. दोन्हीकडचे वाटेतले नुकसान तूर्त सोडून देऊ आणि हिशेब करू. लिटरला आठ किलोमीटर देणारी आलिशान पेट्रोल गाडी किलोमीटरला २८८ ग्रॅम सोडते. आलिशान विजेची गाडी १५५ ग्रॅम. म्हणजे "कोळशाचीच गाडी ती" म्हणून तिला आणि पेट्रोल गाडीला एका मापात तोलणारे काका चुकले. पण लिटरला अठरा किलोमीटर देणारी साधी पेट्रोल गाडी १२८ ग्रॅमच सोडते. म्हणजे भाऊही चुकला. ज्या गाडीला तो हिणवत होता ती आजच्या घडीला त्याच्या गाडीपेक्षा कमी धूर करते. छोटी विजेची गाडी ८८ ग्रॅमवर थांबते आणि विजेची स्कूटर २१ वर. हे पाच आकडे शेजारी शेजारी मांडले की वाद विजेची की पेट्रोलची, इतका सोपा राहत नाही.

आता सव्वा रुपयाकडे येतो, कारण सगळ्यांच्या तोंडी तोच आकडा असतो. घरगुती वीज युनिटला सहा रुपये धरली तर साडेचार किलोमीटरला सहा रुपये, म्हणजे किलोमीटरला एक रुपया तेहेतीस पैसे. भावाचा आकडा जवळपास बरोबर आहे. पण हीच गाडी महामार्गावरच्या जलद चार्जरवर लावली, जिथे युनिटला वीस रुपयांपुढे मोजावे लागतात, तर किलोमीटर पाच रुपयांच्या घरात जातो. छोट्या पेट्रोल गाडीलाही लिटरचे ९७ रुपये धरून साडेपाचच पडतात. एकच गाडी, तेवढीच वीज, आणि खर्च एका ठिकाणी दुसऱ्याच्या चौपट! मग रुपयावरून गाडीची काटकसर कशी मोजणार? रुपया विजेच्या दराबद्दल सांगतो. तो दर कमी आहे कारण वीज खाते घरगुती ग्राहकाला परवडेल असा तो ठेवते. पंखा, फ्रिज, दोन दिवे आणि पोराच्या अभ्यासाचा टेबललॅम्प यांच्यासाठी तो ठेवलेला आहे.

आणि दीड कोटीच्या गाडीच्या मालकाला या बचतीने खरोखर काय मिळते? तशाच पेट्रोल गाडीला किलोमीटरला बारा रुपये लागतात. फरक पावणेअकरा रुपयांचा. वर्षाला बारा हजार किलोमीटर फिरला तर एक लाख तीस हजार वाचतील. विमा कंपन्यांच्या घसाऱ्याच्या कोष्टकाप्रमाणे पाच वर्षांत गाडीची किंमत निम्म्यावर येते, म्हणजे पंचाहत्तर लाख गेले. साठ हजार किलोमीटरांवर ते वाटले तर किलोमीटरला सव्वाशे रुपये. पेट्रोलच्या तशाच गाडीचाही घसारा थोड्याफार फरकाने तेवढाच असतो, हे मान्य. पण यातून एवढे नक्की कळते की पावणेअकरा रुपये वाचावेत म्हणून ही गाडी कोणी घेत नाही. ती आवडते म्हणून घेतात, आणि त्यात गैर काहीच नाही. आवडीची वस्तू घेणाऱ्याने काटकसरीचा हवाला देऊन सरकारकडे माफी मागितली, की मात्र मी हिशेब मागणार.

तो हिशेब असा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीत मोठ्या, आलिशान पेट्रोल गाडीला ४० टक्के, छोट्या पेट्रोल गाडीला १८ टक्के आणि कुठल्याही विजेच्या गाडीला ५ टक्के. सायकलही त्याच ५ टक्क्यांत आली. दीड कोटीच्या विजेच्या गाडीच्या किमतीत कर सात लाखांच्या थोडा वर असतो. ४० टक्के लागला असता तर तो सत्तावन्न लाख झाला असता. फरक पन्नास लाखांचा, एका गाडीमागे. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सुरुवातीला विजेच्या स्कूटरला जास्तीत जास्त दहा हजार रुपये मिळत आणि पुढच्या आर्थिक वर्षात ते निम्म्यावर आणले गेले. पन्नास लाखांत दहा हजार रुपयांच्या पाचशे सवलती बसतात. ती आलिशान गाडी आपल्या बरोबरीच्या पेट्रोल गाडीच्या तुलनेत वर्षाला दीड टनाच्या आसपास कार्बन वाचवते. पेट्रोल स्कूटरच्या जागी आलेल्या पाचशे विजेच्या स्कूटर, वर्षाला आठ हजार किलोमीटर धरून, सव्वाशे टनांच्या जवळ जातात. यावर कोणी म्हणेल की सवलत नसती तरी त्यातल्या बऱ्याच स्कूटर विकल्या गेल्याच असत्या. खरे आहे. दहातली एकच सवलतीमुळे विकली गेली असे धरू. तरीही बारा टन होतात. दीड कुठे आणि बारा कुठे?

आणखी एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. ४० टक्के कर लावला असता तर ती गाडी विकलीच गेली नसती, मग पन्नास लाख आले कुठून असते? ही रक्कम तिजोरीतून उचलून दिलेली नाही, हे मला मान्य आहे. पण गाडी घेणारा माणूस त्यामुळे बसने फिरू लागला नसता. त्याने ४० टक्के भरून दुसरी आलिशान गाडी घेतली असती किंवा निम्म्या वजनाची विजेची. पहिल्या बाबतीत समाजाला कर मिळाला असता, दुसऱ्या बाबतीत वीज वाचली असती.

ही चूक आपण पूर्वीही केली आहे. डिझेलच्या किमती शेतकऱ्याच्या आणि एसटीच्या नावाने वर्षानुवर्षे दाबून ठेवल्या गेल्या. हेतू चांगला होता. पण पंपाच्या नळीला ट्रॅक्टर आणि एसयूव्ही यांच्यातला फरक कळत नाही. मोठमोठ्या डिझेल एसयूव्ही त्याच स्वस्त डिझेलवर पळू लागल्या आणि जी गाडी जास्त पिते तिला जास्त सवलत, असा उफराटा न्याय चालू झाला. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये मोकळे झाले, डिझेलचे व्हायला ऑक्टोबर २०१४ उजाडले. मधल्या काळात डिझेल गाड्यांचे पेव फुटले आणि शहरांच्या हवेने त्याची किंमत मोजली. गोव्याला तर याहून जवळचा दाखला आहे. २०१२ मध्ये निवडणुकीतल्या आश्वासनाप्रमाणे मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला आणि लिटर एका रात्रीत अकरा रुपयांनी उतरले. मीही त्या आठवड्यात स्कूटरची टाकी भरून आलो होतो आणि आनंद झाला होता. पण महिन्याला दहा लिटर लागणाऱ्या माझे एकशे दहा रुपये वाचले आणि दीडशे लिटर जाळणाऱ्याचे साडेसोळाशे. पुढे तो व्हॅट टप्प्याटप्प्याने परत चढला. ज्या सवलतीला खप मोजता येत नाही ती सर्वांत जास्त खपवणाऱ्याच्या घरी जाते. विजेच्या गाड्यांची सरसकट करमाफी याच जातीची आहे. फक्त या वेळी नाव शेतकऱ्याचे नाही, पर्यावरणाचे आहे.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा तंत्रज्ञानाचा. नवी गोष्ट आधी श्रीमंत घेतात, त्यांच्या पैशावर संशोधन होते, मग ती स्वस्त होऊन सगळ्यांपर्यंत येते. एअरबॅग आणि एबीएस असेच आले. टेस्लाने २००८ मध्ये महागडी रोडस्टर काढली आणि २०१७ मध्ये त्यामानाने स्वस्त मॉडेल ३. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. पण आपल्याकडचा इतिहास उलट दिशेने चालला आहे. भारतात विजेची गाडी २००१ मध्ये बेंगळुरूहून आली ती रेवा, दोन मोठी माणसे जेमतेम मावतील एवढी. मग उत्तरेत ई-रिक्षांची लाट आली, लाखोंनी, कुठल्याही आलिशान गाडीची वाट न पाहता. मग स्कूटर, मग छोट्या गाड्या. दीड कोटीच्या गाड्या या रांगेत शेवटी येऊन उभ्या राहिल्या. बॅटरीची किंमत २०१० मध्ये युनिटमागे हजार डॉलरपेक्षा जास्त होती, २०२४ पर्यंत ती सव्वाशेच्या आत आली. ही घसरण मुख्यतः लाखो साध्या गाड्या, बसगाड्या आणि स्कूटर यांच्या खपाने घडवली. आणि आलिशान गाड्यांच्या कारखान्याला काटकसर जमत नाही असे थोडेच आहे? मर्सिडीझनेच २०२२ मध्ये ईक्यूएक्सएक्स नावाची प्रायोगिक गाडी जर्मनीहून इंग्लंडला सिल्व्हरस्टोनपर्यंत एका चार्जिंगवर १,२०२ किलोमीटर नेली, शंभर किलोमीटरला ८.३ युनिट खर्चून. म्हणजे युनिटला बारा किलोमीटर! हे करू शकणारे अभियंते तुमच्या दारात युनिटला साडेचार किलोमीटरची गाडी उभी करतात, कारण तुम्ही ॲव्हरेज विचारत नाही आणि सरकारही विचारत नाही.

दुसरा मुद्दा संदेशाचा. महाराष्ट्राने कर मागे घेताना हाच सूर होता की महसूल फारसा मिळणार नाही आणि संदेश मात्र चुकीचा जाईल. नॉर्वेकडे पाहू. तिथे विजेच्या गाड्यांना वर्षानुवर्षे मूल्यवर्धित करातून पूर्ण माफी होती. १ जानेवारी २०२३ पासून पाच लाख क्रोनरवरच्या किमतीला कर लागू झाला आणि नव्या गाडीवर, विजेच्यासुद्धा, वजनाप्रमाणे कर बसला. त्याआधी, २०२२ मध्ये, विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत विजेच्या ७९ टक्के होत्या. २०२४ मध्ये त्या ८९ टक्क्यांच्या आसपास गेल्या. संदेश लोकांना नीट समजला. पॅरिसने २०२४ मध्ये बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचे पार्किंग तिप्पट महाग केले, शहराच्या मध्यभागी तासाला अठरा युरो. दोन टनांपुढच्या विजेच्या गाड्यांनाही त्यातून सूट नाही. गोवा नॉर्वे नाही, आपल्याकडे विजेच्या गाड्यांचा वाटा अजून थोडा आहे, हे मला कळते. म्हणूनच मी युनिटला आठ किलोमीटर देणाऱ्या गाडीच्या सवलतीला हात लावा असे म्हणत नाही. उलट तिची वाढवा.

तिसरा मुद्दा मला स्वतःला सर्वांत अवघड वाटतो. वीज दरवर्षी थोडी स्वच्छ होते आहे. आज कोळशावर चालणारी गाडी दहा वर्षांनी सूर्यावर चालेल, पेट्रोल गाडी मात्र मरेपर्यंत पेट्रोलच पिणार. हे खरे आहे आणि माझे १५५ ग्रॅम उद्या शंभर होतील, मग त्याहून कमी. मग काटकसर कशाला? याचे उत्तर गोव्यातल्या माणसाने मोल्यात शोधावे. २०२० मध्ये सांगोडला झाडे पडू लागली तेव्हा मोल्याच्या रानातून जाणाऱ्या तीन प्रकल्पांपैकी एक धारवाडकडून येणारी ४०० केव्हीची वीजवाहिनी होती. गोव्याची वाढती विजेची गरज, हेच तिचे समर्थन होते. त्या वाहिनीतून कोळशाची वीज वाहते की सूर्याची, हे मनोऱ्याखाली आडव्या झालेल्या झाडाला विचारून काय उपयोग? सूर्याच्या विजेलाही जमीन लागते, तारा लागतात, सबस्टेशन लागते, आणि आपल्याकडे जमीन किती आहे? ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यावरचे डोंगर, खाजने, कुळागरे आणि अभयारण्ये वगळून मोजा. पावसात दोन दिवस वीज गेली की वीज खात्याच्या नावाने बोटे मोडणारे आपण, संध्याकाळी सात वाजता एकेका बंगल्यात अकरा किलोवॅटचे चार्जर सुरू होतील तेव्हा गावच्या ट्रान्सफॉर्मरचे काय होईल याचा विचार करतो का? जे युनिट लागलेच नाही त्याच्यासाठी मनोरा उभारावा लागत नाही. मोल्यासाठी तेव्हा रस्त्यावर उतरलेली तरुण मुले आज नोकरीला लागली आहेत, गाड्या घेत आहेत. त्यांना हे दुसऱ्या कोणी समजावायला नको.

मग करायचे काय? कर्नाटकाची २५ लाखांची रेषा मला पटत नाही. किंमत हे ओबडधोबड माप आहे. उद्या कोणी महाग पण युनिटला दहा किलोमीटर देणारी गाडी आणली तर तिला कर का लावायचा? आणि वीस लाखांची जडशीळ गाडी का सोडायची? माप एकच हवे. फ्रिजवर आणि एसीवर २००६ पासून कार्यक्षमतेचे तारे येऊ लागले, त्यामुळे आज मापशातल्या दुकानात एसी घेणारी गृहिणीसुद्धा तारे मोजूनच पैसे देते. गाडीला अपघातातल्या सुरक्षेचे तारे २०२३ पासून भारत एनकॅपने दिले. मग विजेच्या खपाचे का नकोत? शोरूममध्ये गाडीच्या काचेवर रेंजच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत "एका युनिटला इतके किलोमीटर" लिहावे, एसी लावून आणि गोव्याच्या रस्त्यांवरच्या वेगाने मोजलेले. रोड टॅक्सचे टप्पे त्या आकड्यावर ठरवावेत. आठच्या वर पूर्ण माफी, सहा ते आठ निम्मी, त्याखाली इतर गाड्यांसारखा पूर्ण कर. जो कर येईल तो कदंबच्या विजेच्या बसगाड्यांकडे वळवावा. पेडण्याहून शेवटची बस चुकली की दोनशे रुपये मोजून पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून घरी जाणारी मुलगी या सगळ्या चर्चेत कुठेच नसते, आणि ऊर्जेच्या हिशेबात तीच सर्वांत काटकसरी प्रवासी आहे.

यात नवखे असे काही नाही. आपल्या फेरीबोटीवर नदी ओलांडणाऱ्या पायी माणसाकडून तिकीट घेत नाहीत, चारचाकीकडून घेतात. २०२३ मध्ये दुचाकींवर शुल्क लावायची गोष्ट निघाली तेव्हा लोकांनी ती हाणून पाडली. बोटीवर जो जास्त जागा अडवतो त्याने जास्त द्यावे, हे दिवाडीच्या आणि चोडणच्या माणसाला कोणी शिकवले नव्हते. चारचाकी पेट्रोलची आहे की विजेची, असे बोटीवरचा माणूस विचारत नाही.

मुंजीहून परतताना भावाने मला पणजीपर्यंत सोडले. फर्मागुडी उतरताना मी त्याला म्हटले, स्क्रीनवर शंभर किलोमीटरला किती युनिट लागतात ते दिसते का बघ. त्याने दोन-तीन पाने उलटली आणि आकडा सापडला, २३.४. "हे चांगलं की वाईट, दादा?" त्याने विचारले. मी म्हटले, शंभराला भाग, युनिटला सव्वाचार किलोमीटर. तो थोडा वेळ काही बोलला नाही. म्हार्दोळ गेले, बाणस्तारीचा पूल आला. त्याने एसी दोन अंशांनी वर चढवला, वेग साठावर आणला, पुढे वळण दिसले की आधीच पाय उचलू लागला. आकडा हळूहळू उतरत होता आणि तो रस्त्याइतकाच त्याच्याकडेही बघत होता. ओल्ड गोव्याला तो १९ झाला, रायबंदरला १८.२. "म्हणजे साडेपाच," त्याने स्वतःच भागाकार केला. समोर कदंबची बस होती. ओव्हरटेक करण्याइतकी जागा होती, पण तो तिच्या मागूनच चालवत राहिला आणि मला म्हणाला, "मग या बसचं ॲव्हरेज किती असेल?"